पदार्थ घरचा, युक्ती वाटेवरची

कल्याण सुटलं की कर्जतकडे जाणारी लोकल नाशिकच्या मार्गापासून फुटते आणि लगेचच विठ्ठलवाडी येतं. रुळांच्या एका अंगाला कल्याण पूर्वेच्या वस्त्या, कोळसेवाडी, काटेमानिवली, चिंचपाडा. दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराजवळून वाहत आलेली वालधुनी इथूनच पुढे उल्हास नदीकडे जाते. मूळची गावं आगऱ्यांची. फाळणीनंतर सिंधी आले. भुसावळ-जळगावकडून येणाऱ्या गाड्यांना मुंबईच्या अलीकडचं मोठं स्टेशन कल्याण, त्यामुळे खानदेशातली माणसं इथे उतरली ती राहिलीच. कोकणातली माणसं गिरणगावातल्या खोल्या सोडून आली, घाटावरची नोकरीसाठी आली, उत्तर प्रदेश-बिहारची घरं त्यानंतर वाढली. संध्याकाळी जिना चढताना दारं बंद असली तरी कोणाकडे काय शिजतंय ते कळतं. पहिल्या मजल्यावर सुकट, दुसऱ्यावर खानदेशी काळ्या मसाल्याची वांगी, तिसऱ्यावर तुपात भाजली जाणारी सिंधी कोकी.

इतकी वर्षं इथे राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. पदार्थ घराचा असतो. तो गावाचा, जातीचा, कुळाचा असतो. त्याला सोवळं-ओवळं असतं, अभिमान असतो, रुसवेफुगवे असतात. ‘आमच्यात असं करत नाहीत’ हे वाक्य स्वयंपाकघराइतकं दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. युक्तीला यातलं काही नसतं. भाकरी का फाटते, अळू का खाजतं, वाल का शिजत नाहीत हे प्रश्न सगळ्यांच्या चुलीवर सारखेच, आणि ज्या बाईला उत्तर सापडलं तिला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेजारणीच्या घरचं मटण ज्या घरात कधी आलं नाही, त्या घरात तिची युक्ती मात्र केव्हाच जाऊन बसलेली असते. पदार्थ मागाहून येतो. कधी वर्षांनी येतो, कधी येतही नाही.

या देवाणघेवाणीची आमची मोठी जागा म्हणजे लोकलचा बायकांचा डबा. सकाळच्या डब्यात झोप असते, संध्याकाळच्या डब्यात भाजी. दादर-ठाण्याला घेतलेली मेथीची जुडी मांडीवर येते, पिशवीत देठं आणि रुमालावर पानं पडू लागतात. मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, लसणाच्या पाकळ्या साफ होतात. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली बाईसुद्धा मूठभर शेंगा घेऊन कामाला लागते, कारण रिकाम्या हातांनी नुसतं बघत बसणं तिला जमत नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला घरी पोहोचेतो भाजी निवडून तयार. त्या निवडण्याच्या नादात जे बोलणं होतं त्यात सासू, मुलांचे अभ्यास, साहेब, गुडघेदुखी हे सगळं असतंच. पण बोलण्याचा धागा तुटला की हातातल्या भाजीवर येतो. ‘याची तुम्ही कशी करता?’ या एका प्रश्नावर अनोळखी बाई सहप्रवासी होते.

कडवे वाल मी याच डब्यात शिकले. आमच्याकडे, म्हणजे माझ्या माहेरी घाटावर, वालाचं फारसं कौतुक नव्हतं. ठाणे-रायगडकडच्या घरांत, त्यातही सीकेपींच्या, वालाचं बिरडं म्हणजे सणाचं मानाचं पान. अंबरनाथला उतरणाऱ्या एक काकू मोड आलेले वाल स्टीलच्या डब्यात घेऊन बसत आणि गप्पा मारता मारता सोलत. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, उबेला ठेवायचे. मोड चांगले आले की कोमट पाण्यात थोडा वेळ टाकायचे. साल सुटतं आणि चिमटीत दाबलं की दाणा टुणकन बाहेर येतो. गार पाण्यात हेच काम दुप्पट वेळ खातं आणि नखं दुखतात ती वेगळी. पुढचं त्यांनी सांगितलं ते अधिक मोलाचं होतं. बिरड्याला वरून गार पाणी कधी घालायचं नाही, दाणे टणक राहतात. पातेल्यावर खोलगट ताट ठेवायचं, ताटात पाणी ओतायचं. वाफ त्या ताटाच्या तळाला लागून थेंब होऊन परत खाली पडते, म्हणून भाजी करपत नाही. आणि लागलंच पाणी तर ताटातलं गरम झालेलं पाणी हाताशी असतं. आणि डाव घालून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, म्हणजे सोललेला दाणा मोडत नाही.

ताटावरच्या पाण्याची ही रीत महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत आहे. माझी आजीही कोबीच्या भाजीवर ताट ठेवायची. पण ‘का’ ते मला काकूंनी सांगितलं. ‘का’ कळलं की युक्ती एका पदार्थाला बांधलेली राहत नाही. त्यानंतर मी तसं ताट कारल्यावर ठेवलं, दुधीवर ठेवलं, खिम्यावरही ठेवलं.

उल्हासनगरची गोष्ट जराशी मागून सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिचं नाव उल्हासनगर पडलं. लोकांच्या तोंडी मात्र अजून कॅम्पच आहे. रिक्षावालाही ‘कॅम्प तीन की चार?’ असंच विचारतो. गाव, शेत, नदी, पीर, सगळं मागे राहिलेल्या त्या माणसांनी बरोबर काय आणलं असेल, तर चव. सिंधू नदीकाठच्या तळ्यांतली कमळकाकडी इथे मिळायला लागली ती त्यांनी मागितली म्हणून. आज उल्हासनगरच्या भाजीबाजारात ती कांद्या-बटाट्याच्या शेजारी पडलेली असते. ते तिला ‘भी’ म्हणतात.

माझ्या सिंधी शेजारीण भाभींनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, कमळकाकडी कशी घ्यायची. ‘दोनों तरफ से बंद लेना,’ असं त्यांनी बाजारात माझ्या हातातली काकडी काढून घेत सांगितलं. कमळाचं ते जमिनीतलं खोड आतून पोकळ, लांबवर गेलेल्या भोकांचं. टोकं उघडी असली की त्या भोकांतून तळ्याचा चिखल आत जाऊन बसतो आणि कितीही धुतलं तरी भाजी कचकचते. दोन्ही टोकं बंद असलेली, जाड, गोरी काकडी घ्यायची. घरी आल्यावर चिरायची आणि मग धुवायची. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी बाजारात आठवलं नसतं.

त्यांची कढी मला सुरुवातीला कढी वाटलीच नाही, कारण तिच्यात दही नाही. तेलात मेथ्या-जिरं तडतडलं की बेसन घालून भाजत बसायचं, तांबूस होऊन खमंग वास घरभर जाईपर्यंत. मग गरम पाणी, चिंचेचा कोळ, आणि शेवग्याच्या शेंगा, गवार, बटाटा. भेंडी वेगळी परतून शेवटी, म्हणजे तार सुटत नाही. रविवारी दुपारी भात, ही कढी आणि बरोबर गोड बुंदी. भाभी म्हणायच्या, बेसन भाजताना जी घाई करेल तिची कढी कच्चीच लागणार, मग तासभर उकळली तरी. मला त्या वाक्यात आमचं पिठलं दिसलं. आम्ही पिठल्याचं बेसन पाण्यात कालवून फोडणीवर ओतायचो. एकदा भाभींच्या पद्धतीने आधी तेलात भाजून घेतलं आणि वरून गरम पाणी सोडलं. गुठळी नाही, कच्चटपणा नाही, आणि वास असा की घरातल्यांनी काय केलंय ते येऊन विचारलं. आता आमच्याकडे पिठलं असंच होतं. ते सिंधी झालेलं नाही. लसूण, मोहरी, हिरवी मिरची, कोथिंबीर, सगळं घाटावरचंच आहे. फक्त त्याच्या पोटात उल्हासनगरची एक युक्ती आहे.

उलटंही झालं. इथल्या अनेक सिंधी घरांच्या कढीत चिंचेबरोबर आमसूलही पडतं. आमसूल सह्याद्रीचं, कोकणातलं. सिंधमध्ये त्याचं झाड नाही. कुठल्या बराकीच्या दारात, कुठल्या कोकणी किंवा आगरी बाईने ते पहिल्यांदा हातावर ठेवलं असेल, याची नोंद असण्याचा प्रश्नच नाही. पण ते कढीत आहे, आणि भाभींना ते सिंधमधूनच आल्यासारखं आपलं वाटतं. मला हे फार भारी वाटतं.

कोकीबद्दल एवढंच सांगते की तिची गंमत दोनदा लाटण्यात आहे. कांदा, मिरची, अनारदाणा घातलेली घट्ट कणीक जाडसर लाटून तव्यावर अर्धवट भाजायची, उतरवून पुन्हा लाटायची, मग तूप सोडून मंद आचेवर. आतपर्यंत शिजते आणि प्रवासात टिकते. घर सुटलेल्या माणसांच्या खाण्यात टिकणाऱ्या पदार्थांना मान असणारच.

आता तांदळाच्या भाकरीकडे येते. माझ्या हाताला ज्वारीची सवय. कोळसेवाडीच्या आगरी मावशींची भाकरी मी पहिल्यांदा पाहिली ती पांढरीशुभ्र, पातळ, कडेपर्यंत सारखी, आणि सकाळची संध्याकाळी मऊ. मी केलेली तव्यावरून उतरताच तडकायची. मावशींनी मला ओट्याजवळ उभं करून दाखवलं. पिठाएवढंच पाणी, चिमूट मीठ. ‘पानी नीट उकलूं दे, मंगच पीठ टाक.’ पाण्याला खळखळून उकळी आली की आच कमी करून पीठ एकदम सोडायचं, उलथन्याच्या दांड्याने हलवायचं, झाकण घालून गॅस बंद. थोड्या वेळाने ती उकड परातीत काढून, हाताला गार पाणी लावत, चटका सोसत मळायची. इथेच नवशिक्या बाया चुकतात. उकड निवू देतात. निवलेली उकड कितीही मळली तरी कडा फुटतात. मग गोळा तळहातावर फिरवत, पिठावर थापत मोठा करायचा, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला ओला हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत, पण अगदी ओलंही नसताना, उलटायचं. हा ‘सुकायच्या आत पण ओलं नसताना’चा क्षण मावशींनी शब्दांत सांगितला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, ‘आता.’

या उकडीमागचं कारण सरळ आहे. गव्हात चिकट धागा धरणारं ग्लुटेन असतं, तांदळात ते नाही. म्हणून उकळत्या पाण्याने तांदळातलं पिष्ट फुगवून घ्यायचं. ते फुगून चिकट झालं की पीठ एकमेकांना धरून राहतं. मोदकाची उकड हीच, नारळीपौर्णिमेपासून गणपतीपर्यंत कोकणात ज्या ज्या पाऱ्या वळल्या जातात त्यांचं शास्त्र हेच. ज्वारीच्या जुन्या पिठाला गरम पाणी घ्यायचं तेही याचसाठी. म्हणजे माझी आई सोलापुरी भाकरीला जे करत होती आणि मावशी आगरी भाकरीला जे करतात ते एकच. त्या दोघी कधी भेटल्या नाहीत.

जूनचा पहिला पाऊस पडला की कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या स्टेशनांबाहेर ठाकूर, कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, पुढे कंटोळी. सगळ्यांत आधी येतात ती शेवळं. ही सुरणाच्या कुळातली रानवनस्पती. पानं यायच्या आधी जमिनीतून तिचे तपकिरी-जांभळट कोंब वर येतात, तेच खुडून जुड्या बांधतात. मोसम थोड्याच आठवड्यांचा. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळांची इतकी वाट बघतात की नातेवाइकांना फोन जातात, ‘आली का तुमच्याकडे?’ कोळंबी घालून, खिमा घालून, शाकाहारी घरांत वाटाणे किंवा चणाडाळ घालून ती होतात.

शेवळं खाजतात. नीट केली नाहीत तर घशाला असं काही होतं की माणूस पुन्हा नाव घेणार नाही. वरची पानासारखी आवरणं सोलून टाकायची, आतल्या दांड्याचा पिवळा कणीदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. आणि त्यात काकडं घालायचीच. काकडं ही रानातली छोटी, गोल, हिरवी, आंबट फळं. त्यांचा रस काढून भाजीत घालतात, की खाज मरते. आता हे बघा, शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर काकडंही देते. तिच्या टोपलीत दोन्ही शेजारी असतात. तुम्ही नवख्या असाल आणि नुसती शेवळं मागितली, तर ती विचारते, ‘काकडं नको?’ आणि नको म्हणालात तर तुमच्याकडे रोखून बघते. ज्या बाईला विकून मोकळं होता आलं असतं, ती तुमच्या घशाची काळजी वाहते.

मला वाटतं, मानाच्या पानावरच्या त्या शेवळांच्या भाजीचं अर्धं श्रेय या टोपलीला आहे. रानात शेवळं कुठे उगवतात, कोणती खुडायची, कोणती सोडायची, खाज कशाने जाते हे सगळं ज्ञान डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायांचं. सुरणाला आमसूल, अळूला चिंच, शेवळांना काकडं, तिन्हींत तत्त्व एकच: या कुळातल्या भाज्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात, आंबटाने आणि नीट शिजवण्याने त्यांचा जोर कमी होतो. शब्द आपण शाळेत शिकलो, उपाय त्यांना आधीपासून माहीत होता. आता सरकारचा कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, पाककृतींच्या स्पर्धा होतात, चांगलंच आहे. त्या मांडवात खुर्चीवर बसून बोलायला टोपलीवाली बाई असावी, असं मात्र मला दरवर्षी वाटतं. आम्ही तिच्याशी अजून घासाघीस करतो आणि तिची युक्ती फुकट घरी नेतो.

मराठीत पाककृती लिहून ठेवायची परंपरा काही कालची नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ चं. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया दिल्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि ते नव्या लग्न झालेल्या मुलीच्या सामानात कुकरइतकं हक्काचं झालं. कमलाबाईंचं शालेय शिक्षण बेताचं. पण त्यांनी वाटी आणि चमचा ही मापं धरली आणि ती शेवटपर्यंत पाळली. ‘अंदाजाने’, ‘बेताचं’, ‘लागेल तसं’ या शब्दांनी रडकुंडीला येणाऱ्या, सासर-माहेरापासून लांब एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलींवर त्यांचे उपकार आहेत. मुंबईच्या उपनगरांत एक खोली-स्वयंपाकघर घेऊन राहिलेल्या पिढीला आजी हाताशी नव्हती, ‘रुचिरा’ होतं.

आईकडचं ‘रुचिरा’ माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यातले समास वाचत बसले. छापलेल्या मजकुराच्या कडेला पेन्सिलीने, निळ्या शाईने, घाईघाईत लिहिलेलं. अनारशांच्या पानावर, ‘गूळ जास्त झाला तर हसतात, तांदळाची पिठी थोडी, तळमजल्याच्या काकू’. चकलीवर, ‘मोहन कडकडीत, पण पिठावर घालून लगेच हात नको, शाळेतल्या बाई’. शंकरपाळ्यांवर नुसतंच, ‘साखर विरघळू दे!’ बाकी प्रत्येक सूचनेखाली ती देणारीचं नाव किंवा नातं. आईने युक्ती लिहिली तेव्हा ती कोणाची हे लिहायला विसरली नाही. तिच्या हिशेबात ते उसनं होतं आणि उसन्याची नोंद ठेवायची असते. छापील पुस्तकाने माप दिलं. ते बिघडलं तर काय करायचं हे त्या समासात होतं. चांगला स्वयंपाक बराचसा बिघडलेलं सावरण्यातच असतो, आणि ते माणूस माणसाकडून शिकतं.

काही बायका सांगत नाहीत. त्यांच्याविषयी कुत्सितपणे बोललं जातं, की मुद्दाम एखादी गोष्ट गाळते. मला ते पटत नाही. जिचं घर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरवर, पुरणपोळ्यांवर, रोजच्या डब्यांवर चालतं, तिची युक्ती तिचं भांडवल आहे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या विळख्यातून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हाच हे मान्य झालं होतं की घरचा स्वयंपाक हे कौशल्य आहे आणि त्यावर कर्ज मिळू शकतं, संसार उभा राहू शकतो. कल्याण-डोंबिवलीतल्या गल्लोगल्लीच्या पोळीभाजी केंद्रांमागे अशाच बाया आहेत. पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या बाईने घडीची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ कशी राहते ते कोणाला सांगावं आणि कोणाला नाही, हा तिचा हक्क आहे. तरी अशीच एक ताई मला म्हणाली होती, ‘कणीक भिजवून झाकून ठेवा, लाटायची घाई करू नका, एवढं सांगते. पुढचं विचारू नका.’ मी विचारलं नाही.

आणि प्रत्येक युक्ती चांगलीच असते असंही नाही. पालक हिरवागार राहावा म्हणून चिमूटभर सोडा, छोले-राजमा लवकर शिजावेत म्हणून सोडा, ही सूचना डब्यात हमखास ऐकू येते. रंग राहतो, दाणा मऊ पडतो, खरं आहे. पण सोड्याने पालकातलं क जीवनसत्त्व आणि कडधान्यातलं ब-१ जातं. रात्री भिजत घालायची आठवण ठेवणं हाच त्याला उपाय. वरण उतू जाऊ नये म्हणून कुकरमध्ये तेलाचा थेंब टाका, हे मात्र बिनधास्त घ्यावं. फेस धरत नाही. अशी निवड करायला कान आणि डोकं दोन्ही उघडं लागतं. अनुभवी बाया एकमेकींना डब्यात अडवतातही, ‘अहो, तसं नका करू,’ म्हणून. त्या अडवण्याचं मला फार कौतुक आहे. आपल्या चुकीच्या सूचनेने दुसरीच्या घरचं ताट बिघडू नये ही त्यामागची तळमळ असते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मजल्यावर भरताचा वाद रंगला. जळगावच्या काकूंकडे त्यांचा भाऊ वांगी घेऊन आला होता, बामणोदकडची, हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काकूंना तो कागद नसता तरी चाललं असतं, कारण इथल्या जांभळ्या वांग्यांच्या भरिताला त्या भरीत म्हणतच नाहीत. खानदेशात वांगी तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. इथे गॅस. भाजलेली वांगी सोलून, हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचून, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या.

समोरच्या दाराची सून बलियाची. लिट्टीबरोबरच्या चोख्यासाठी तीही वांगं भाजते, पण भाजायच्या आधी सुरीने चार चिरा देऊन त्यात अख्ख्या लसणीच्या पाकळ्या खोचते. वांगं आतून शिजताना लसूणही त्याच्याच वाफेत शिजतो, गोडसर होतो, आणि त्याचा वास गरात भिनतो. चिरांमुळे वांगं फुटत नाही आणि आत कीड असेल तर तेव्हाच दिसते. तिने काकूंना हे दबक्या आवाजात, जरा घाबरतच सांगितलं, कारण काकूंचा भरिताबद्दलचा दरारा सगळ्या मजल्याला माहीत. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन वांग्यांना चिरा दिलेल्या मी स्वतः पाहिल्या.

आता त्यांचं म्हणणं असं आहे की खोचलेला लसूण चवीला चांगला, पण त्याने भरिताचा झणका जातो. म्हणून खोचायचा तो खोचा, पण ठेच्यातला कमी करायचा नाही. सुनेचं म्हणणं, मग लसूणच लसूण लागेल, वांगं कुठे जाईल? ती मोहरीचं कच्चं तेल घालते, काकू शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी देतात, त्यावरूनही तड लागायची आहे. पुढच्या खेपेला भाऊ आला की त्याच वांग्यांचे दोन्ही तऱ्हेने दोन वाडगे करायचे आणि मजल्यावर सगळ्यांना खायला घालून विचारायचं, असं दोघींचं ठरलं आहे. आगरी मावशींनी भाकऱ्या करायचं कबूल केलंय. मी पिठलं करणार आहे.